फुलदाणीशी बोलणारी माणसं

मार्गित वॉर्गाला रिमोटचा राग येतो.
म्हणून दर रविवारी मी वरच्या मजल्यावरून खाली येते.
भाड्याच्या चेकसोबत हेही माझ्याकडे लागलंय आता:
तबकडी पुसायची, आत सरकवायची,
ती म्हणेल तिथं चित्र थांबवायचं.

बाहेर टोलीडो. फेब्रुवारी.
मीठ टाकून टाकून पांढरे पडलेले रस्ते
आणि गोठून गप्प झालेली नदी.

डबीवर लिहिलंय: संपूर्ण आवृत्ती.
एकोणीसशे बत्तीसचा सिनेमा,
बोलायला नुकताच शिकलेला,
म्हणून लहान पोरासारखा चारचौघांत वाट्टेल ते बोलतो.
एक बाई नवऱ्याला सोडते, आणि मरत नाही.
दुसरी न्यायाधीशाच्या सिगारेटवर आपली पेटवते
आणि निकालाला न थांबता निघून जाते.
दोन वर्षांनी नियम कडक झाले
तेव्हा अशा सगळ्या बायका
शेवटच्या रिळात रडायला लागल्या.

"माईक फुलदाणीत असायचा," मार्गित सांगते.
"आई म्हणायची, प्रेमसुद्धा फुलांकडे तोंड करून करायचं."
खरंच की.
भांडण असो, लाच असो, मुका असो,
सगळी तिथंच घोटाळतायत,
डेलियाच्या त्या गुच्छापाशी.

आई म्हणजे इलोना.
काचेच्या कारखान्यातल्या भट्टीवाल्याची पोर.
एकोणिसाव्या वर्षी पश्चिमेला पळाली,
बाविसाव्या वर्षी परत आली
एक सुटकेस आणि एक वाक्य घेऊन:
मी सिनेमात आहे.

सिनेमा लागला तेव्हा अख्खी हंगेरियन गल्ली गेली.
पाद्रीसुद्धा, मागच्या रांगेत,
हॅट डोळ्यांवर ओढून.
तासभर सगळ्यांनी डोळे फाडून बघितलं.
इलोना कुठेच नव्हती.
राज्याच्या मंडळानं आधीच कात्री लावलेली,
नऊ मिनिटांना.
कात्रीचा आवाज येत नाही कोणाला,
फक्त उडी दिसते:
बाई जिन्यात होती,
आणि लगेच गाडीत.

मग लग्नात, बारशात, मयताला
कोणीतरी विचारायचंच,
"काय गं, कुठल्या सिनेमात?"
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
हिची दुसऱ्यांनीच झाकली,
आणि कवडीची ठरवली.

परवा कुठल्याशा देशातल्या तळघरात
न कापलेली प्रत सापडली म्हणे.
कोणी धुतली, कोणी सांधली,
आणि आज अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक मुलगी
मोजा खाली गुंडाळत बसलीय.
कोणासाठी नाही. उकडतंय म्हणून.
वर बघते. आवाज करवतीसारखा खरखरीत:
"पैसे हातात द्या. टेबलावर नको."

"थांबव," मार्गित म्हणते.

चेहरा जागच्या जागी थरथरत राहतो.
ही तर माझ्या नातीहून लहान, ती पुटपुटते.
मग हसायलाच लागते.
"हेच म्हणायची गं जन्मभर!
दूधवाल्याला, भाडेकरूंना,
पगाराच्या दिवशी बाबांना.
मला वाटायचं कंजूषपणा."

मागे घे. पुन्हा. पुन्हा मागे घे.
सातव्यांदा ती पडद्याला नाक लावते.
"मोजा उसवलाय बघ.
शिवणात कच्चीच होती."

ज्यांना दाखवायचं ते सगळे दफनभूमीत.
गल्लीच्या जागी गाड्यांचा तळ.
आम्ही दोघीच. आणि तिचा बहिरा कुत्रा.

निघताना सवयीनं चेक टेबलावर ठेवते.
ती नुसती बघते.
मी उचलून तिच्या हातात देते.

वर फोन वाजत असतो. अकोला.
दर रविवारी मी म्हणते, आम्ही दोघं मजेत,
तो झोपलाय, तो ऑफिसात, तो बाहेर गेलाय.
तीन वर्षं झाली:
जिन्यातून थेट गाडीत.

माझ्या टेबलावर फुलदाणी नाही.
पाण्याचा ग्लास आहे अर्धा.
मी फोन उचलते,
आणि त्याच्याकडे तोंड करून बसते.